प्रत आणि दुरुस्ती

जालन्याला महाराष्ट्र ओळखतो तो बियाण्यासाठी. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली. 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि दरम्यानच्या काळात शहराभोवती बियाणे कंपन्यांचं जाळंच उभं राहिलं. जालना ते देऊळगाव राजा या पट्ट्यातल्या शेडनेटमध्ये मिरची-टोमॅटोचे सीड प्लॉट असतात. मादी वाणाच्या कळीतले पुंकेसर चिमट्याने काढायचे, नर वाणाचा पराग लावायचा, फुलाला खूण करायची, हे डोळ्यांत तेल घालून करायचं काम बहुतेक बायका करतात. पण कितीही सांभाळलं तरी एखादी कळी निसटते, तिच्यात स्वपरागण होतं आणि संकरित बियाण्यात मादी वाणाचंच बी मिसळतं. ही भेसळ ओळखायची तर नमुना शेतात पेरायचा, झाडं वाढू द्यायची आणि एकेक न्याहाळायचं, अशी पद्धत आहे. तिच्यात हंगाम जातो. प्रयोगशाळेत मात्र कोवळ्या पानाचा तुकडा पुरतो. त्यातून डीएनए काढतात, त्यातल्या ठरावीक भागाच्या कोट्यवधी प्रती करतात, आणि नर व मादी दोन्ही वाणांच्या खुणा सापडल्या की बी संकरित ठरतं. दिवसभरात निकाल हाती येतो.

या कोट्यवधी प्रती करतं एक विकर, आणि ते विकर मिळालं जीवाणूकडून. अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानाच्या गरम पाण्याच्या झऱ्यांमध्ये थॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांना 1960च्या दशकात एक जीवाणू सापडला. त्याचं नाव थर्मस ॲक्वाटिकस. त्याचं डीएनए पॉलिमरेज, म्हणजे प्रती करणारं हे विकर, उकळीच्या जवळच्या तापमानातही शाबूत राहतं. म्हणूनच कॅरी मुलिस यांनी 1983 मध्ये सुचवलेली, डीएनए पुन्हा पुन्हा तापवून प्रती करणारी पीसीआर पद्धत घराघरांत ऐकू येण्याइतकी रुळली. कपाशीच्या बियाण्याची शुद्धता, क्षयरोगाचं निदान, कोविडची तपासणी, न्यायालयातला डीएनए पुरावा, या सगळ्यामागे हेच विकर किंवा त्याचे भाऊबंद आहेत. बीटी कपाशीचंही तेच. 2002 मध्ये तिला देशात परवानगी मिळाली तेव्हापासून मराठवाड्यात तिच्यावर पुष्कळ बोललं गेलं: भाव, मालकी, बोंडअळी. पण बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जीवाणूतलं जनुक कपाशीत पोचण्याआधी ते कापलं, जोडलं आणि वाढवलं गेलं ते ई. कोलाय या दुसऱ्या जीवाणूच्या पोटात. कापणारी, जोडणारी, वाढवणारी बहुतेक हत्यारं जीवाणूंचीच होती.

ही हत्यारं जीवाणूंनी आपल्यासाठी घडवलेली नाहीत. स्वतःचा डीएनए उतरवून घेणं आणि तो दुरुस्त ठेवणं यासाठी त्यांतली बरीचशी आहेत, आणि हाच या पुस्तकाचा विषय आहे. शाळेच्या पाठ्यपुस्तकात डीएनएची दुहेरी गोफासारखी आकृती असते. दोन धागे सुटतात, प्रत्येकाला नवा जोडीदार मिळतो, एकाचे दोन होतात, एवढ्यावर धडा संपतो. दुरुस्तीचा उल्लेख आलाच तर तळटीपेपुरता. ही मांडणी मला मुळातच चुकीची वाटते. उतरवणं हे मुख्य काम आणि दुरुस्ती ही नंतरची डागडुजी, असा समज तिच्यातून होतो. जीवाणूत ही दोन कामं वेगळी काढताच येत नाहीत, आणि हे कळायला शास्त्रज्ञांनाही बरीच वर्षं लागली.

त्याची गोष्ट अशी. 1953 मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची रचना मांडली. 1958 मध्ये मेसेलसन आणि स्टाल यांनी जड नायट्रोजनवर ई. कोलाय वाढवून दाखवून दिलं की नव्या डीएनएत एक धागा जुना आणि एक नवा असतो. त्याआधीच, 1956 मध्ये, आर्थर कॉर्नबर्ग यांनी सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात ई. कोलायमधून डीएनए तयार करणारं विकर वेगळं काढलं होतं. तीनच वर्षांत त्यांना नोबेल मिळालं. डीएनए उतरवणारं यंत्र सापडलं, असं सगळ्यांनी गृहीत धरलं.

1969 मध्ये जॉन केर्न्स आणि पॉला डी ल्युसिया यांनी हजारो जीवाणू-वसाहती एकेक करून तपासल्या आणि एक असा ई. कोलाय शोधला, ज्याच्यात कॉर्नबर्ग यांचं विकर जवळजवळ नव्हतंच. तो मरायला हवा होता. पण तो ठणठणीत वाढत होता, नेहमीच्या वेगाने डीएनए उतरवत होता. फक्त अतिनील किरण दाखवले की तो पटापट मरायचा. ज्याला उतरवणारं यंत्र समजलं होतं, ते बऱ्याच अंशी दुरुस्तीचं यंत्र निघालं. मग खरं उतरवणारं कोण? ते शोधण्यात पुढे आलेला तरुण होता कॉर्नबर्ग यांचाच मुलगा टॉम, न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड संगीत विद्यालयात चेलो शिकणारा. आधी दुसरं आणि मग तिसरं पॉलिमरेज त्याच्या हाती लागलं. जीवाणूचा मुख्य लेखनिक हे तिसरं पॉलिमरेज आहे. वडिलांच्या शोधावर आलेला आक्षेप मुलाने त्या शोधाचा विस्तार करून दूर केला, हे विज्ञानाच्या इतिहासात फार क्वचित घडतं.

पण वडिलांचं विकर बेकार ठरलं असं मात्र नाही. डीएनएचे दोन धागे उलट-सुलट दिशांनी धावतात आणि पॉलिमरेजला एकाच दिशेने लिहिता येतं. त्यामुळे एक धागा सलग उतरतो, दुसरा तुकड्या-तुकड्यांनी. हे तुकडे 1968 मध्ये नागोयाच्या रेजी आणि त्सुनेको ओकाझाकी या दांपत्याने दाखवून दिले. कोवळ्या वयात हिरोशिमाचा किरणोत्सर्ग सोसलेले रेजी 1975 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेले. काम त्सुनेकोंनी पुढे नेलं. प्रत्येक तुकड्याच्या तोंडाशी आरएनएचा एक छोटा सुरुवातीचा अंश असतो. तो काढायचा, रिकामी जागा डीएनएने भरायची आणि सांधा बुजवायचा, हे काम कॉर्नबर्ग यांचं पहिलं पॉलिमरेज आणि लायगेज हे विकर मिळून करतात. ई. कोलायच्या एका पूर्ण प्रतीत असे दोन-चार हजार सांधे असतात. म्हणजे निम्म्या धाग्यावर दुरुस्ती हीच उतरवण्याची रीत आहे.

आता थोडे आकडे, कारण या कामाचा वेग डोळ्यांसमोर आणल्याशिवाय त्याची अचूकता कळत नाही. ई. कोलायच्या वर्तुळाकार डीएनएत सुमारे 46 लाख अक्षरजोड्या आहेत. तो सरळ केला तर दीड मिलिमीटर भरेल, आणि जीवाणू स्वतः दोन मायक्रोमीटरचा, म्हणजे डीएनए त्याच्या लांबीच्या सातशे-साडेसातशे पट. एका ठरावीक जागी धागे सुटू लागतात आणि तिथून दोन्ही बाजूंना एकेक लेखनयंत्र निघतं. प्रत्येकाचा वेग सेकंदाला सुमारे 1000 अक्षरं. दोघं मिळून 40 मिनिटांत वर्तुळ पुरं करतात. पण चांगलं अन्न मिळालं तर ई. कोलाय 20 मिनिटांत दुभंगतो! हा हिशेब कसा जुळतो, हे 1968 मध्ये स्टीफन कूपर आणि चार्ल्स हेल्मस्टेटर यांनी उलगडलं: पहिली फेरी संपण्याआधीच दुसरी सुरू झालेली असते. जन्माला येणाऱ्या जीवाणूच्या पोटात त्याच्या नातवंडांचा डीएनए उतरायला लागलेला असतो.

धागे इतक्या वेगाने उलगडले की पुढच्या भागाला पीळ बसत जातो. दर साडेदहा अक्षरांमागे एक वेढा धरला तर सेकंदाला शंभराच्या आसपास वेढे सोडवावे लागतात. हे काम जायरेज नावाचं विकर करतं. मार्टिन गेलर्ट यांनी ते 1976 मध्ये शोधलं. दुहेरी धागा कापायचा, त्यातून दुसरा भाग पार करायचा आणि पुन्हा सांधायचा, अशी त्याची जोखमीची पद्धत आहे. जायरेजकडे आपण पुन्हा येऊ, कारण आपल्याकडच्या औषधांच्या दुकानांशी त्याचा थेट संबंध आहे.

या वेगात चुका होणारच. योग्य अक्षर निवडताना पॉलिमरेज साधारण लाखात एकदा चुकतं. चूक झाली की ते बहुतेक वेळा स्वतःच थांबतं, चुकलेलं अक्षर खोडतं आणि पुन्हा लिहितं. त्यामुळे प्रमाण कोटीत एकावर येतं. ही दुसरी पायरी बियाणे तपासणीत वापरल्या जाणाऱ्या थर्मसच्या विकराकडे नाही, आणि एखादी खूण दिसते की नाही एवढंच पाहायचं असल्यामुळे तिथे तिची गरजही नसते. जिवंत पेशीला मात्र कोटीत एक चूकही परवडत नाही. म्हणून तिसरी फळी येते: उतरवून झाल्यावर नव्या धाग्यावरून हात फिरवणारी, बेजोड अक्षरं शोधणारी. ती काम करून गेली की चूक उरते ती अब्जात एक किंवा त्याहूनही कमी. ई. कोलायच्या हिशेबाने, हजारेक वेळा पूर्ण प्रत उतरवली तर त्यात एखादी चूक राहते.

या तिसऱ्या फळीपुढचा पेच मराठी वाचकाला पैठणच्या एका कामावरून चटकन कळेल. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. जवळजवळ तीनशे वर्षं पोथीवरून पोथी उतरत आली होती आणि हातोहात पाठभेद शिरले होते. दोन पाठ समोर आले की मूळ कोणता आणि मागाहून घुसलेला कोणता, हे ठरवण्यात संपादकाची खरी कसोटी असते. चुकीचा पाठ मूळ मानला तर शुद्धीकरणच अशुद्धी कायम करतं. डीएनएत समोरासमोर दोन अक्षरं जुळत नसतील तर पेशीपुढे तोच प्रश्न असतो: यातलं जुनं कोणतं? ई. कोलायने यावर शोधलेली युक्ती मला या सगळ्या विषयातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. जीएटीसी या चार अक्षरांचा क्रम जिथे जिथे येतो, तिथे ए या अक्षरावर तो एक मिथाइल गट बसवतो. नवा धागा उतरल्यावर त्याच्यावर ही खूण बसायला थोडा अवधी लागतो. तेवढ्या वेळात खूण असलेला धागा जुना आणि खूण नसलेला नवा, हे स्पष्ट असतं. मटएस हे प्रथिन बेजोड जागा ओळखतं, मटएल त्याला साथ देतं, मटएच खूण नसलेला धागा कापतं, आणि चुकलेला भाग काढून पुन्हा उतरवला जातो. पॉल मोडरिच यांनी 1980च्या दशकात ही सगळी प्रक्रिया शुद्ध केलेल्या प्रथिनांनिशी परीक्षानळीत उभी केली. 1993 मध्ये, मोठ्या आतड्याच्या एका आनुवंशिक कर्करोगात याच प्रथिनांचे माणसातले भाऊबंद बिघडलेले असतात, हे समोर आलं. जीवाणूवरचं काम 'मूलभूत' म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी हा क्रम लक्षात ठेवावा: आधी ई. कोलाय, मग माणसाचं आतडं.

आतापर्यंत उतरवतानाच्या चुकांबद्दल बोललो. पण डीएनए नुसता पडून राहिला तरी बिघडतो, आणि याची जाणीव व्हायला विज्ञानाला फार उशीर झाला. तो भक्कम रेणू आहे, असाच समज होता. स्वीडनच्या टोमास लिंडाल यांनी दाखवलं की पाण्यात असलेल्या डीएनएतलं सायटोसीन हे अक्षर हळूहळू आपोआप बदलतं आणि त्याचं युरेसिल होतं. युरेसिल डीएनएत असायलाच नको. हे परकं अक्षर उचलून काढणारं विकर लिंडाल यांनी 1974 मध्ये ई. कोलायमध्येच शोधलं. 2015 चं रसायनशास्त्राचं नोबेल लिंडाल, मोडरिच आणि अझीझ सँकार या तिघांना मिळालं. तिघांच्याही कामाच्या मुळाशी ई. कोलाय आहे.

या सायटोसीनच्या प्रश्नाला आयुष्यभर चिकटून राहिलेले एक संशोधक म्हणजे डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठातले अशोक भागवत. आडनाव मराठी वाचकाला ओळखीचं वाटेल, पण त्यांचं काम मराठीत फारसं कुणी सांगितलेलं नाही, म्हणून इथे जरा थांबतो. ई. कोलाय काही सायटोसीनांवर मिथाइल गट बसवतो. असं सायटोसीन बिघडलं की त्याचं युरेसिल होत नाही, थायमीन होतं, आणि थायमीन तर डीएनएतलं हक्काचं अक्षर. परकं म्हणून ते ओळखायचं कसं? या खास चुकीसाठी जीवाणूकडे एक खास विकर आहे, व्हीएसआर. ते नेमक्या त्याच शेजारातलं थायमीन हेरतं आणि तिथे धागा कापतं, म्हणजे थोडासा भाग काढून पुन्हा उतरवता येतो. त्याचं जनुक मिथाइल गट बसवणाऱ्या विकराच्या जनुकाला अगदी लागून आहे, हे भागवत आणि मार्गारेट लीब यांच्या गटाने 1990 मध्ये दाखवलं. जो धोका निर्माण करतो त्याच्या शेजारीच धोका निवारणारा नांदतो.

पुढे 1996 मध्ये बेलेत्स्की यांच्याबरोबर त्यांनी आणखी एक गोष्ट मांडली. जनुक वाचलं जातं तेव्हा एक धागा काही काळ एकटा, उघडा पडतो. त्या धाग्यावर सायटोसीन बिघडण्याचं प्रमाण वाढतं. म्हणजे डीएनए वापरणं हेच त्याला थोडं झिजवतं. 2016 मध्ये त्यांच्या गटाने हाच विचार उतरवण्याच्या प्रक्रियेला लावला. युरेसिल काढणारं विकर नसलेल्या ई. कोलायमध्ये त्यांनी पाहिलं की ज्या धाग्यावर ओकाझाकी तुकडे तयार होतात, त्याच धाग्यावर या चुका जास्त होतात, कारण पुढचा तुकडा येईपर्यंत तो उघडा राहतो. मघाशी सांगितलेला तुकड्यांचा तिढा इथे नव्या अर्थाने समोर येतो: उतरवण्याची रीतच ठरवते की चूक कुठे होईल. आपल्या देशात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत उमेश वार्ष्णेय यांनी युरेसिल काढणाऱ्या विकरावर आणि के. मुनियप्पा यांनी तुटलेले धागे सांधणाऱ्या रेकए प्रथिनावर दीर्घकाळ काम केलं आहे. त्यात क्षयाच्या जीवाणूचा आणि त्याच्या कुळाचा अभ्यास मोठा आहे. त्याचा संबंध शेवटी येईल.

ऊन हा तिसरा शत्रू. जालना जिल्ह्यात बदनापूरला मराठवाडा कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे; बीएसएमआर-736, बीडीएन-711 ही तुरीची वाणं तिथली. तूर पेरण्याआधी बियाण्याला रायझोबियमचं संवर्धन लावतात, 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅमचं पाकीट. पाकिटावर ठळक सूचना असते: बियाणं सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. उष्णता आणि कोरडेपणा ही कारणं आहेतच, पण उन्हातले अतिनील किरण डीएनएवर थेट घाव घालतात. शेजारशेजारची दोन थायमीन अक्षरं एकमेकांना चिकटतात आणि लेखनयंत्र तिथे अडकतं. 1949 मध्ये आल्बर्ट केल्नर यांच्या लक्षात आलं की अतिनील किरणांनी घायाळ झालेले सूक्ष्मजीव साध्या उजेडात ठेवले तर सावरतात. पुढे कळलं की फोटोलायेज नावाचं विकर निळा प्रकाश घेऊन ती चिकटलेली अक्षरं सोडवतं.

या विकराचं जनुक वेगळं काढणारे अझीझ सँकार. तुर्कस्तानातल्या मार्दिन प्रांतात सावूर नावाच्या छोट्या गावात 1946 मध्ये त्यांचा जन्म झाला. आई-वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण मुलांच्या शिक्षणाबद्दल दोघं ठाम होते. इस्तंबूलला डॉक्टर होऊन ते गावी परतले, दोनेक वर्षं रोगी तपासले आणि मग प्रयोगशाळेकडे वळले. टेक्सासमध्ये पीएचडी झाल्यावर मनासारखी जागा न मिळाल्याने येल विद्यापीठात ते तंत्रज्ञ म्हणून रुजू झाले. तिथे त्यांनी अंधारातल्या दुरुस्तीचा छडा लावला. युव्हीआर गटातली तीन प्रथिनं बिघडलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना, बारा-तेरा अक्षरांच्या अंतराने, दोन काप घेतात, तो तुकडा बाहेर पडतो, रिकामी जागा पहिलं पॉलिमरेज भरतं आणि लायगेज सांधतं. अंबड-घनसावंगीच्या एखाद्या गावातून अकरावीला विज्ञान घेणाऱ्या मुलामुलीने सँकार यांचं आयुष्य जरूर वाचावं.

जाता जाता बियाण्याबद्दल एक गोष्ट. साठवणुकीत पडून राहिलेल्या बियाण्याच्या डीएनएत तुटफूट साचत जाते. उगवण घटण्यामागे तेही एक कारण आहे. बी भिजलं की पहिल्या काही तासांत, पेशी दुभंगण्याच्या कितीतरी आधी, हे धागे सांधायचं काम सुरू होतं. लायगेज तिथेही लागतं. वनस्पतीचं विकर वेगळं, पण सांधण्याची मूळ कल्पना जीवाणूंतून उलगडलेली तीच.

आतापर्यंत दुरुस्ती म्हणजे अचूकता असंच चित्र उभं राहिलं असेल. विषयाचा दुसरा अर्धा भाग या चित्राला तडा देतो. 1944 च्या उन्हाळ्यात एव्हलिन विटकिन नावाची तरुणी न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बरला आली. ई. कोलायवर अतिनील किरणांचा जबर मारा केल्यावर जे मोजके जीवाणू वाचले, त्यांतून तिने किरणांना दाद न देणारा वंश वेगळा काढला. एवढ्या माऱ्यातून हे वाचले कसे, हा प्रश्न तिने पुढे अनेक दशकं सोडला नाही. पेशीचा डीएनए फार बिघडला की सुप्त असलेली अनेक जनुकं एकदम जागी होतात, हे त्यातून दिसू लागलं. मिरोस्लाव्ह रॅडमन यांनी 1970च्या दशकात या प्रतिसादाला बुडत्या जहाजाच्या हाकेवरून एसओएस असं नाव दिलं. उघड्या पडलेल्या धाग्यावर रेकए जमा होतं, त्याच्या सान्निध्यात लेक्सए हे दाबून ठेवणारं प्रथिन स्वतःला तोडतं, आणि चाळीसेक जनुकं सुटतात. त्यांतली काही नेकीने दुरुस्ती करतात. पण पेच सुटलाच नाही तर चौथं आणि पाचवं पॉलिमरेज कामाला लागतं, आणि ही दोन्ही चुका करत लिहितात. मुख्य लेखनिक जिथे अडतो, तिथून ती काहीतरी अक्षर टाकून पुढे सरकतात. वंश वाचतो, पण प्रतीत नव्या चुका राहतात. विटकिन यांना 2015 मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला आणि 2023 मध्ये, वयाची शंभरी ओलांडून, त्या गेल्या. त्यांना नोबेल मिळायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

याचा आपल्या रोजच्या जगण्याशी काय संबंध, हे जायरेजपाशी कळतं. सिप्रोफ्लॉक्सासिनची गोळी आपल्याकडे खेडोपाडी 'सिप्रो' म्हणून माहीत आहे. पोट बिघडलं, लघवीला जळजळ झाली की ती मागून घेतली जाते. ही गोळी जायरेजला नेमकं कापल्या क्षणी धरून ठेवते. धागा कापलेला, सांधलेला नाही, आणि मागून लेखनयंत्र धावत येतंय. डीएनए तुटतो, एसओएसची हाक जाते, आणि भरपूर औषध असेल तर जीवाणू मरतो. पण औषध अपुरं असेल, दोन दिवसांत गोळ्या बंद केल्या असतील, तर काही जीवाणू चुका करत तग धरतात, आणि त्या चुकांतूनच एखादी अशी निघते की जायरेजवर गोळी बसतच नाही. 2005 मध्ये रायन सर्झ, फ्लॉइड रोमसबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग केला: ज्याचं लेक्सए तुटूच शकत नाही अशा ई. कोलायचा संसर्ग दिला आणि सिप्रोफ्लॉक्सासिन चालू ठेवलं. त्या जीवाणूंत औषधाला दाद न देणारे वंश निपजले नाहीत. प्रतिकार आधीपासून असतो आणि औषध फक्त त्याची निवड करतं, ही जुनी समजूत खरी आहे पण अपुरी आहे. औषधाचा घाव स्वतःच चुकांचा कारखाना सुरू करू शकतो. अर्धवट सोडलेल्या गोळ्यांबद्दल डॉक्टर रागावतात, त्यामागचा रेणूंच्या पातळीवरचा व्यवहार हा आहे, आणि तो रोग्याला समजावून सांगता येण्याजोगा आहे.

दुरुस्तीची दुसरी टोकाची कथा मुंबईत ट्रॉम्बेला अभ्यासली गेली. 1956 मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगॉनमध्ये आर्थर अँडरसन यांनी डबाबंद मांस गॅमा किरणांनी निर्जंतुक करून पाहिलं, तरी ते नासलं. त्यातून डायनोकॉकस रेडिओड्युरन्स हा जीवाणू सापडला. त्याची ताकद मोजायला आपल्याकडचे दाखले घेऊ. लासलगावच्या किरणोत्सर्ग केंद्रात कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून 100 ग्रेपेक्षाही कमी मात्रा देतात (ग्रे हे किरणोत्सर्गाच्या मात्रेचं एकक). 2007 पासून अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला किडीच्या बंदोबस्तासाठी 400 ग्रे देतात. माणसाला एकदम पाचेक ग्रे मिळाले तर जीव जातो. डायनोकॉकस 5000 ग्रे सोसतो. त्याचा डीएनए शंभराहून अधिक तुकड्यांत विखुरतो आणि काही तासांत पुन्हा जसाच्या तसा उभा राहतो. 2006 मध्ये रॅडमन यांच्याच गटाने त्याची रीत दाखवली. प्रत्येक पेशीत जनुकसंचाच्या अनेक प्रती असतात. एका प्रतीचे तुकडे दुसरीच्या तुकड्यांना सामायिक मजकुराशी जुळवून, उतरवत उतरवत लांब होतात आणि मग एकमेकांशी सांधले जातात. इथे उतरवणं हीच दुरुस्ती होते.

भाभा अणुसंशोधन केंद्रात श्री कुमार आपटे आणि हरिशरण मिश्रा यांच्या गटांनी या जीवाणूवर मोलाचं काम केलं. एरवी फॉस्फेट विरघळवण्याशी जोडला गेलेला पीक्यूक्यू हा छोटा रेणू डीएनएच्या रक्षणातही भाग घेतो, हे त्यांनी मांडलं. 2010 मध्ये योगेंद्र राजपुरोहित आणि मिश्रा यांनी डीएनए तुटल्यावर कामाला लागणारं एक प्रथिन ओळखलं. ते दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट चढवतं, आणि त्याच्याविना जीवाणूला तुटलेले धागे नीट सांधता येत नाहीत. तर 2006 मध्ये दीप्ती अप्पुकुट्टन, ए. एस. राव आणि आपटे यांनी डायनोकॉकसमध्ये साल्मोनेलाचं एक जनुक बसवलं. तो बदललेला जीवाणू अणुकचऱ्यासारख्या पातळ द्रावणातलं युरेनियम घट्ट करून तळाशी बसवू लागला. जिथे दुसरा कोणताही कामगार मरेल, तिथे कामाला लावायला त्यांनी दुरुस्तीत निष्णात असलेला निवडला.

पुस्तकाचा शेवट क्षयाच्या जीवाणूने होतो, आणि मला हा क्रम योग्य वाटतो. मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस सावकाश चालतो: ई. कोलाय 20 मिनिटांत दुभंगतो, हा जवळजवळ दिवस घेतो. निदान आता बदललं आहे. गोव्यातल्या मोलबायो कंपनीने बनवलेलं ट्रूनॅट यंत्र बॅटरीवर चालतं, तालुक्याच्या ठिकाणीही ठेवता येतं, आणि थुंकीतल्या जीवाणूच्या डीएनएच्या प्रती करून क्षय आहे का आणि रिफाम्पिसिन लागू पडेल का, हे तासा-दोन तासांत सांगतं. आरपीओबी जनुकाच्या 81 अक्षरजोड्यांच्या एका छोट्या पट्ट्यातच रिफाम्पिसिन निकामी करणाऱ्या बहुतेक चुका असतात, म्हणून तेवढं तपासलं की भागतं. त्या चुका तिथे आल्या कुठून, हा प्रश्न आपल्याला मागे नेतो. क्षयाच्या जीवाणूत मटएस आणि मटएल नाहीत, ई. कोलायची ती तिसरी फळीच गायब. तरी त्याच्या चुका बेसुमार का वाढत नाहीत? 2015 मध्ये दिसलं की त्याच्या मुख्य पॉलिमरेजमधलाच एक वेगळा भाग चुका खोडतो. 2017 मध्ये न्यूकएस नावाचं विकर त्या कुळात बेजोड अक्षरांचा बंदोबस्त करतं, असं समोर आलं. शिवाय त्याच्याकडे चुका करत लिहिणारं एक पॉलिमरेजही आहे, डीएनएई2. ते काढून टाकलेल्या वंशात औषधाला दाद न देणारे जीवाणू कमी निपजतात, हे 2003 मध्येच उंदरांमधल्या संसर्गात दिसलं होतं.

यातून नव्या औषधांच्या दोन वाटा निघतात. एक, चुका करणाऱ्या विकरालाच अडवायचं, म्हणजे जुनी औषधं जास्त काळ टिकतील. दुसरी, लेखनयंत्राला डीएनएवर घट्ट धरून ठेवणारी जी कडी असते, तीच निकामी करायची. ग्रिसेलिमायसिन हा रेणू क्षयाच्या जीवाणूत नेमकी ती कडी धरतो, हे 2015 मध्ये सिद्ध झालं आहे. पुढच्या प्रकरणांत या दोन्ही वाटांचं काम आजवर कुठे पोचलं आहे ते आकृत्यांसह दिलं आहे. घाई असलेल्या वाचकाने जायरेज आणि एसओएस ही दोन प्रकरणं आधी वाचली तरी चालेल, पण बेजोड अक्षरांचं प्रकरण वगळू नये. क्षयाच्या जीवाणूत काय नाही, हे ई. कोलायमध्ये काय आहे ते कळल्यावरच समजतं.